खिडकी उघड, आणि त्या फोनला उत्तर दे

ताई,
माझं वय २७. लग्नाला आठ महिने झाले. चिंचवडला सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांचा दीड वर्षाचा मुलगा, धाकटी नणंद आणि आम्ही दोघं असे एकत्र राहतो. दिवाळीपासून मला खोकला होता. संध्याकाळ झाली की अंगात कसकस. दोनदा अँटिबायोटिकचे कोर्स झाले, वजन ५१ वरून ४५ वर आलं. शेवटी छातीचा फोटो काढला, बेडका तपासला आणि टीबी निघाला. प्रायव्हेट डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, त्याला तीन आठवडे झाले. तुमचं नाव सरकारला कळवावं लागेल, असं ते म्हणाले. ह्यांनी हात जोडून नको सांगितलं, तरी त्यांनी कळवलंच. मग महापालिकेच्या दवाखान्यातून फोन आला, तर ह्यांनी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. सासूबाईंनी माझं ताट-वाटी-पेला वेगळा केलाय. मी मागच्या खोलीत झोपते. तिथली खिडकी बंद ठेवायची, कारण खोकल्याचा आवाज डक्टमधून वरखाली जातो. बाळाला माझ्याकडे येऊ देत नाहीत, तो दाराशी येऊन रडतो. नणंदेचं लग्न जमवायचं चाललंय, म्हणून मी माहेरी संगमनेरला जावं आणि बरी होऊनच यावं असं सगळ्यांचं म्हणणं. लघवी लाल होते, त्याचीही भीती वाटते. आता बरं वाटायला लागलंय, तर तीन महिन्यांनी गोळ्या बंद केल्या तर चालेल का? ऑफिसात काय सांगू? आणि पुढे मूल होण्यात अडचण येईल का? कृपया नाव छापू नका.
– एक वाचक, चिंचवड

*

तू बरी होणार आहेस. तुझ्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण हा एक विचारायचा तुला धीर झाला नसावा, म्हणून त्याचं उत्तर आधी. औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यातली तीन. कोर्स नीट पूर्ण करणारे बहुतेक सगळे ठणठणीत बरे होतात. हे सदर लिहायला लागण्याआधी मी बरीच वर्षं एका क्षयरोग केंद्रात समुपदेशक होते. पहिल्या दिवशी रडत आलेल्या मुली शेवटच्या दिवशी पेढे घेऊन यायच्या, आणि पुढे कधी बाजारात दिसल्या तर ओळख दाखवायच्या नाहीत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मला हवी असलेली एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात नाही. बेडका तपासला म्हणतेस, तो कसा तपासला? नुसता सूक्ष्मदर्शकाखाली बघितला असेल तर जंतू आहेत एवढंच कळतं, ते कुठल्या औषधाला दाद देतात हे कळत नाही. त्यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही चाचणी लागते. (ट्रूनॅट ही आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीची. आता देशभरातल्या सरकारी केंद्रांत ती वापरली जाते.) टीबीचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो का, दोन्ही काही तासांत कळतं. बाहेर ही चाचणी महाग पडते. सरकारी केंद्रात ती फुकट होते, खाजगी डॉक्टरांच्या पेशंटचीसुद्धा. डॉक्टरांना हे सगळ्यात आधी विचार. झाली असेल तर रिपोर्टची प्रत मागून घे, नसेल तर याच आठवड्यात करून घे. खाली मी जे लिहिलंय ते तुझा जंतू साध्या गोळ्यांना दाद देणारा आहे असं धरून.

आता त्या 'राँग नंबर'कडे येते, कारण तुमच्या घरात सगळ्यात मोठी चूक तिथे झाली आहे.

तुझ्या डॉक्टरांवर रागावू नका. मे २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणं देशातल्या सगळ्या डॉक्टरांना बंधनकारक आहे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी मांडलेले रुग्ण देशभर गाजले होते. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांच्या टीबीने दाद दिली नव्हती. त्याला काय नाव द्यायचं यावरून सरकारशी वादही झाला. पण खाजगी दवाखान्यांत काय चाललंय याचा पत्ता सरकारला नव्हता, हे तेव्हा उघड झालं. आपल्याकडे खोकला झाला की माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर थेट मेडिकलवाल्याकडे. कोण कुठली औषधं घेतंय, कोणी मध्येच सोडली, कुणाच्या घरात लहान मूल आहे, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसायचं. मार्च २०१८ मध्ये नियम आणखी कडक झाले आणि नोंद न करणाऱ्यांना शिक्षेची तरतूद आली. तुझ्या डॉक्टरांनी विनवण्या ऐकूनही कायदा पाळला. जो डॉक्टर 'बरं, नाही कळवत' म्हणतो त्याच्याकडे मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

नाव गेलं म्हणजे कुठे गेलं, तेही सांगते. 'निक्षय' नावाच्या सरकारी संगणक नोंदवहीत. तिथे तुला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर जंतू औषधांना दाद देतो का ही तपासणी, साखरेची आणि एचआयव्हीची चाचणी फुकट होते. (ही एचआयव्हीची चाचणी टीबीच्या सगळ्याच रुग्णांची करतात. घरात कुणी भुवया उंचावल्या तर हेच सांग.) आहारासाठी महिन्याला १००० रुपये तुझ्या बँक खात्यात जमा होतात. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट केले. पैसे वेळेवर येतील याची हमी मी देत नाही, पाठपुरावा करावा लागतो. पण ते तुझे आहेत.

आणि तुमच्या गुप्ततेची भीती काल्पनिक आहे असंही मी म्हणणार नाही. एखादी कर्मचारी जिन्यातूनच 'टीबीचा पेशंट इथेच राहतो का?' असं विचारते, असं घडतं. शिधा वाटताना रुग्णांना ओळीने उभं करून फोटो काढायची जी हौस हल्ली दिसते, ती तर मला मुळीच पसंत नाही. निक्षय मित्राची, म्हणजे रुग्णांना असा शिधा पुरवणाऱ्याची, मदत घ्यायची की नाही हे तुझ्या संमतीवर आहे, आणि फोटोला नाही म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. फोन उचल आणि सरळ सांग: 'घरी येऊ नका, मीच केंद्रावर येते. काही विचारायचं असेल तर याच नंबरवर मला विचारा, घरच्या दुसऱ्या कुणाला नाही.' बहुतेक ठिकाणी हे ऐकतात. नाही ऐकलं तर तिथल्या क्षयरोग अधिकाऱ्यांकडे तक्रार करायची. नाव लपवायची गरज नाही, ते कसं वापरायचं ते तू ठरव.

त्या फोनवर पलीकडची बाई पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच विचारणार होती: घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का?

आहे. दीड वर्षाचं. टीबीची लागण झालेल्या बहुतेक मोठ्या माणसांना कधीच आजार होत नाही. जंतू शरीरात झोपून राहतो, आणि जन्मभरात शंभरातल्या पाच-दहा जणांनाच त्याचा त्रास होतो. दीड वर्षाच्या बाळाचं तसं नसतं. त्याला लागण झाली तर आजार व्हायची शक्यता कितीतरी जास्त. तो लवकर होतो, आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. जन्मल्यावर दिलेली बीसीजी या गंभीर प्रकारांपासून बरंचसं रक्षण करते, पूर्ण नाही. म्हणून घरात फुप्फुसाच्या टीबीचा रुग्ण निघाला की पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला तपासायचं असतं. खोकला, ताप, वजन न वाढणं, मरगळ असं काही असेल तर पुढच्या चाचण्या, आणि टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधक औषध. लहान मुलांना बहुधा आयसोनियाझिड, रोज, सहा महिने. केंद्रावर फुकट मिळतं. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून घरातल्या मोठ्यांनाही टीबी नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देता येतं. सासूबाईंना किंवा सासऱ्यांना मधुमेह असेल तर त्यांचं नाव बाळाच्या लगेच खाली.

म्हणजे हिशेब बघ. तुम्ही बाळाला दाराशी अडवलंत, ते पहिल्या काही आठवड्यांपुरतं ठीकच आहे, त्यात सासूबाईंना मी दोष देणार नाही. पण दिवाळीपासून निदान होईपर्यंत तू त्याला मांडीवर घेऊन खोकत होतीस, आणि त्या काळाची भरपाई करणाऱ्या त्याच्या गोळ्या 'राँग नंबर'मध्ये अडकल्या. तुझ्या जाऊबाईंना हे कुणी सांगितलंय का? मला शंका आहे. त्यांना सांग. घरात तुझी बाजू घेणारं पहिलं माणूस कदाचित त्याच ठरतील.

माहेरी पाठवण्याबद्दल लिहायच्या आधी तुला मद्रासची एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती तुझ्या मागच्या खोलीशी थेट जोडलेली आहे.

सासूबाईंच्या आईवडिलांच्या काळात टीबी म्हणजे सॅनेटोरियम. आपल्याकडे मिरज, पाचगणी. माणूस घरातून जायचा, वर्ष-दीड वर्षाने परतायचा, किंवा परतायचा नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र उभं राहिलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्य, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून ते काढलं. तिथल्या डॉक्टरांनी १९३ रुग्ण घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. एक गट सॅनेटोरियममध्ये: विश्रांती, चांगलंचुंगलं खाणं, मोकळी हवा. दुसरा गट आपापल्या घरी, शहरातल्या गरीब वस्त्यांत, भरलेल्या खोल्यांत, घरात शिजेल ते खाऊन. गोळ्या दोघांना सारख्याच, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल छापून आला आणि जगभरचे टीबीतज्ज्ञ चकित झाले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते. त्यांच्या घरच्यांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं. घरी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबात टीबी जास्त झाला नाही. ज्यांना व्हायचा त्यांना लागण झाली होती ती निदानाच्या आधी, गोळ्या सुरू होण्यापूर्वी. या प्रयोगानंतर जगभर सॅनेटोरियमं बंद होत गेली.

तेव्हा तू संगमनेरला गेलीस तर या घराचं काय वाचणार? गोळ्या लागू पडत असतील तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुझ्याकडून होणारा प्रसार झपाट्याने कमी झालेला असतो. तुला तीन आठवडे होऊन गेलेत. जे द्यायचं ते तू त्याआधीच देऊन बसलीस, अजाणता. आता तुला घालवणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. शिवाय तिकडेही माणसंच राहतात ना? तुझी आजी असेल, भावाची मुलं असतील.

हां, तुला स्वतःला जावंसं वाटत असेल, आईच्या हातचं खायचं असेल, महिनाभर कुणी 'ऊठ' म्हणू नये असं वाटत असेल, तर जरूर जा. आपला निक्षय क्रमांक आणि रिपोर्ट बरोबर ने. उपचार संगमनेरच्या केंद्राकडे वर्ग करता येतो. बदलीच्या गडबडीत गोळ्यांचा खाडा पडू नये म्हणून दहा-पंधरा दिवसांचा साठा जवळ ठेव. नुसतं पाठवलं जात असेल तर जाऊ नकोस. नवीन लग्नात एकदा असं घालवून घेतलं की परत यायची तारीख दुसरेच ठरवतात, हे मी टेबलाच्या अलीकडून बरेचदा पाहिलंय.

सासूबाईंबद्दल एक सांगते. त्या साठीच्या असतील तर त्यांच्या लहानपणी टीबीचा उपचार वर्ष-दीड वर्षाचा होता, सुरुवातीला रोज इंजेक्शन, आणि कितीतरी लोक तो मध्येच सोडायचे. तशी माणसं खंगत गेलेली त्यांनी पाहिली असणार. त्यांना तू किंवा मी समजावून उपयोग नाही. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार, 'भांड्यांनी पसरतो का?' डॉक्टर नाही म्हणतील. टीबी ताटाने, पेल्याने, कपड्यांनी, पलंगाच्या चादरीने पसरत नाही. तो हवेतून पसरतो. खोकताना उडालेले अगदी बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ताट वेगळं केल्याने जंतूचं काही बिघडत नाही, बिघडतं ते तुझं. तरीपण माझा सल्ला असा की ताटावरून भांडू नकोस. महिन्याभरात ते आपसूक मागे पडेल. भांड ते खिडकीवरून.

कारण तुमच्या घरात नेमकं उलटं चाललंय. भांडी वेगळी आणि हवा कोंडलेली. ती मागची खोली सोड. बाल्कनीकडच्या, ऊन येणाऱ्या खोलीत झोपायची सोय करून घे. ते जमेपर्यंत त्याच खोलीची खिडकी आणि दार दोन्ही उघडी ठेव, म्हणजे हवा आरपार खेळेल. टेबल फॅन असेल तर तो असा लाव की तुझ्याकडून खिडकीकडे, बाहेर वारा जाईल. लोक फॅन नेमका उलटा लावतात आणि सगळी हवा घरात येते. सूर्यप्रकाशात हे जंतू लवकर मरतात. घरातल्यांसमोर असशील तेव्हा साधा सर्जिकल मास्क, डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत. बेडका आला तर झाकणाच्या डब्यात, त्यात थोडं फिनाईल, आणि नंतर संडासात ओतून भरपूर पाणी. खोकल्याचा आवाज डक्टमधून गेला तर जाऊ दे. चिंचवडच्या सोसायटीत हिवाळ्यात खोकणारी तू एकटी नाहीस.

आता गोळ्या. लघवी लाल-केशरी होते ती रिफाम्पिसिनच्या रंगाने, रक्ताने नाही. घामही थोडा तसाच होईल. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर बंद कर, डाग पडतात. मळमळ, आंबट ढेकर, सांधे दुखणं हे पहिल्या दोन महिन्यांत बऱ्याच जणांना होतं. गोळ्या थोड्या आगेमागे घ्यायच्या का, खाऊन घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचार, स्वतः ठरवू नकोस. हातापायाला मुंग्या येत असतील तर सांग, बी-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, अंधुक दिसायला लागलं किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तीन महिन्यांनी थांबवल्या तर चालेल का? नाही. बरं वाटतंय कारण झपाट्याने वाढणारे जंतू मेलेत. संथ, दडून बसलेले अजून आहेत. त्यांच्यासाठीच पुढचे महिने असतात. अर्ध्यावर सोडलं की तेच उठतात, आणि तेव्हा त्यांना तुझ्या गोळ्यांची ओळख झालेली असते. मग उदवाडियांच्या रुग्णांच्या वाटेला लागतो माणूस. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीलाही २०२४ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांचा नवा उपचार आलाय, पूर्वी दीड-दोन वर्षं लागायची. पण त्यातली औषधं भारी आहेत, त्यांचे त्रासही भारी. तिथे पोचायचंच कशाला?

सरकारी गोळ्यांबाबत एक सावधगिरी. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ठिकठिकाणी टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला, आणि राज्यांनी आपापल्या पातळीवर खरेदी करावी असं सांगायची वेळ केंद्र सरकारवर आली. रुग्णाला 'एक डोस चुकवू नका' म्हणून दटावायचं आणि कपाट रिकामं ठेवायचं, याला काय म्हणावं! तेव्हा केंद्रातून गोळ्या घेशील तर आठवडाभर आधी जा, अगदी संपल्यावर नको.

खाण्याचं. ६ किलो वजन गेलंय तुझं. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातले दहा हजारांवर लोक. रुग्णांना दरमहा शिधा दिला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ते रुग्ण तुझ्यापेक्षा फार खंगलेले होते, त्यामुळे तू त्या आकड्याने घाबरू नकोस. पण ५ टक्के म्हणजे तुझ्यासाठी सव्वादोन किलो, एवढं दोन महिन्यांत डोळ्यांसमोर ठेव. त्याच अभ्यासातला मला जास्त आवडलेला भाग वेगळाच आहे. ज्या घरांत रुग्णाबरोबर बाकीच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तिथे घरच्यांना टीबी व्हायचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे तुझ्या ताटापेक्षा सगळ्यांच्या ताटात काय पडतंय हे बघायला हवं होतं.

महागडी प्रोटीन पावडर नको. उकडलेली अंडी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा लाडू, दूध, दही, वरणभात, खात असाल तर मासे. टीबीत आंबट चालत नाही, केळं चालत नाही, भाताने कफ होतो, हे सगळं सोडून दे. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन कर, कारण डोस वजनावर ठरतो. सरकारी पाकिटातल्या गोळ्या ३५ ते ४९ किलोला दिवसाला तीन असतात आणि ५० पासून चार. पन्नाशी गाठलीस की डॉक्टरांना सांगायला विसरू नकोस.

मुलाचं विचारलंस. फुप्फुसाच्या टीबीने मूल होण्यात सहसा अडचण येत नाही. गर्भाशयाचा टीबी वेगळा, तो तुला नाही. मात्र कोर्स संपेपर्यंत दिवस जाऊ नयेत हे बरं. आणि इथे एक गोष्ट डॉक्टरही सांगायला विसरतात: रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. निरोध किंवा तांबीबद्दल विचार. तरीही पाळी चुकलीच तर घाबरून औषध बंद करायचं नाही. तुझ्या या चार औषधांवर गरोदरपण पार पडतं, फक्त डॉक्टरांना लगेच कळवायचं.

ऑफिसात आजाराचं नाव सांगायची तुझ्यावर सक्ती नाही. कामावर कधी जायचं ते डॉक्टर ठरवतील, त्यांच्याकडून रजेचं आणि नंतर कामावर रुजू व्हायचं प्रमाणपत्र घे. फक्त शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर तिला तपासून घ्यायला सांग. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची पाहणी झाली, त्यात लक्षणं असूनही ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. तुझा खोकलाही दिवाळीपासूनचा. २०२५ पर्यंत टीबी संपवायचं आपण ठरवलं होतं, ते झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१५ साली लाखामागे २३७ जणांना तो व्हायचा, २०२४ साली १८७ जणांना. कमी झालाय, पण जगातल्या दर चार रुग्णांमागे एक अजून आपलाच.

नणंदेच्या लग्नाचं मी थोडक्यात लिहिते, कारण मला त्या मुद्द्यात फार दम दिसत नाही. वहिनीला टीबी झाला आणि ती उपचार घेऊन बरी झाली, यात लग्न मोडण्यासारखं काय आहे? स्थळं बघायला येतील तोवर तुझे महिने निघून गेलेले असतील. तिला स्वतःला मात्र तपासून घ्या. ती तुझ्याबरोबर एकाच घरात होती.

आता पुढचं तुझ्या नवऱ्याला वाचायला दे.

तुम्ही घाबरून फोन ठेवलात, तो बायकोच्या काळजीनेच ठेवलात असं मी धरून चालते. ज्या नंबरवरून फोन आला होता त्यावर उलट फोन करा. तो सापडत नसेल तर टीबीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६. 'माझी पत्नी निक्षयवर नोंदलेली आहे, घरात दीड वर्षाचं बाळ आहे, सगळ्यांची तपासणी करायची आहे,' एवढंच सांगा. मग बाळाला, त्याच्या आईला आणि स्वतःला घेऊन केंद्रावर जा. आठ महिने तुम्ही तिच्या शेजारी झोपलात, तेव्हा छातीचा फोटो आधी तुमचा. खोकला असेल तर बेडकाही द्यावा लागेल. तो पहाटे उठल्यावर, चूळ भरून, काही खाण्यापूर्वी द्यायचा. दोनदा खोल श्वास घेऊन छातीतून काढायचा, नुसती थुंकी चालत नाही, आणि गॅलरीत किंवा गच्चीवर उघड्यावर, बंद बाथरूममध्ये नको. त्यासाठी केंद्रावर झाकणाची डबी देतात, ती आदल्या दिवशीच आणून ठेवा.